लर्चर: फेरेटिंगसाठी संकरित कुत्र्याची निवड

लर्चर म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधला शिकारी क्रॉस कुत्रा, ज्याच्या रक्तात एका बाजूने ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सलुकीसारखा नजरेवर धावणारा हाउंड असतो आणि दुसऱ्या बाजूने कॉली किंवा टेरियरसारखा कामाचा कुत्रा. ही स्वतंत्र जात नाही, केनेल क्लबच्या जातींमध्ये ती मोडत नाही, त्यामुळे दोन लर्चर एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही. फेरेटिंग म्हणजे फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी सशांच्या बिळात सोडायचा आणि घाबरून बाहेर पळणारे ससे जाळ्यात किंवा कुत्र्याकडून पकडायचे. या कामाला कुठला लर्चर बरा यावर तिकडे पिढ्यानपिढ्या वाद चाललेत आणि नवखा माणूस बहुतेक एकाच ठिकाणी चुकतो, तो वेग बघून कुत्रा घेतो. वेग लागतोच, पण आधी लागतं नाक आणि थंड डोकं.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच क्लिअर केलेली बरी. मराठीत हेअर आणि रॅबिट दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण आपल्या माळरानावरचा ससा हा हेअर आहे, तो बिळात राहत नाही, गवतात नुसती अंगापुरती जागा दाबून बसतो. म्हणून फेरेटिंग आपल्याकडे मुळात शक्यच नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने या सशाला संरक्षण आहे त्यामुळे कुत्रा घेऊन त्याच्या मागे जाणं हा सरळ गुन्हा आहे. आपले कारवान आणि मुधोळ हाउंड बांध्याने व्हिपेट-ग्रेहाउंडच्याच पठडीतले, लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, पण त्यांची परंपरा मोकळ्या रानात धावण्याची. इथे विषय आहे तो बिळात कळपाने राहणाऱ्या युरोपियन रॅबिटचा.

हा रॅबिट मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. इंग्लंडमध्ये नॉर्मन लोकांनी साधारण 12 व्या शतकापासून तो मांस आणि कातडीसाठी राखीव जागेत पाळला, त्या जागेला वॉरन म्हणतात, थेटफर्डजवळ 1400 च्या सुमारास वॉरनच्या राखणदारासाठी बांधलेलं दगडी घर आजही उभं आहे. पुढे ससे बाहेर पसरले आणि पिकांना इतका त्रास झाला की 1880 च्या ग्राउंड गेम ॲक्टने कुळांनाही आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क मिळाला. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक सगळे ससे मेले, नंतर ते हळूहळू परत वाढले. तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी तो आजही पिकाचा शत्रू आहे आणि फेरेटवाल्याला शेतात बोलावतात ते त्याच कारणाने.

फेरेट दिसायला मुंगसासारखा वाटतो पण मुंगूस नाही, तो पोलकॅटचा पाळीव वंशज, म्हणजे आपल्या पाणमांजराच्या कुळातला. नराला होब म्हणतात, मादीला जिल. सीझन साधारण ऑक्टोबर ते मार्च, कारण तेव्हा झुडपांची पानं गळालेली असतात, बिळांची तोंडं दिसतात आणि आत पिल्लंही कमी असतात. प्रत्येक तोंडावर पर्स नेट नावाचं छोटं जाळं अंथरायचं, दोरीची खुंटी जमिनीत ठोकायची, मग फेरेटच्या गळ्यात लोकेटरची कॉलर बांधून त्याला आत सोडायचं. कधीकधी फेरेट आतच ससा मारून तिथेच मुक्काम ठोकतो, मग लोकेटरने जागा शोधून फावड्याने खणावं लागतं.

आता यात कुत्र्याचं काम काय? पहिलं आणि सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मार्किंग. बिळाशी जाऊन वास घ्यायचा आणि आत ससा आहे की नाही ते मालकाला सांगायचं. कोणी एक पाय उचलून थिजतो, कोणी मान तिरकी करून कान लावतो, कोणाची शेपटी हलायची थांबते, प्रत्येक कुत्र्याची खूण वेगळी आणि ती मालकालाच वाचता येते. रिकाम्या बिळावर वीस जाळी लावून तासभर थंडीत उभं राहायचं की नाही हे या एका खुणेवर ठरतं, म्हणून खरं मार्क करणारी कुत्री मिळाली की लोक तिला सोन्यासारखी जपतात. दुसरं काम म्हणजे फेरेट आत असताना बाजूला गप्प उभं राहणं, कारण बिळावर पावलं वाजली किंवा कुत्रं भुंकलं तर ससा बाहेर यायचं नावच घेत नाही, तो आतल्या फेरेटचा मार खाईल पण वर येणार नाही. आणि तिसरं काम, जाळ्यातून निसटलेला किंवा नजरेतून सुटलेल्या तोंडातून आलेला ससा चार उड्यांत गाठायचा आणि जिवंत, न चिरडता हातात आणून द्यायचा, म्हणजे माणूस लगेच मान मोडून त्याला सोडवू शकतो आणि मांसही खराब होत नाही.

हे नीट समजलं की निवड निम्मी सोपी होते. कुंपणापासून पुढच्या बिळापर्यंत ससा धावणार तो वीस-तीस मीटर, त्यामुळे मैलभर दम टिकवणारा कुत्रा इथे कामाचाच नाही. सलुकी क्रॉस म्हणूनच बाद, तो लांबच्या दौडीसाठी बनलेला, शिवाय बऱ्याचदा आणून देण्यात त्याला रस नसतो. बुल टेरियरचं रक्त असलेले कुत्रे ताकदवान पण तोंडाने कडक, ससा हातात येईपर्यंत बरगड्या मोडलेल्या. डीअरहाउंड क्रॉस दिसायला राजा, पण काटेरी कुंपणाच्या कडेने वळायला त्याला अख्खं मैदान लागतं.

उंची तिकडे खांद्यापाशी इंचात मोजतात आणि माझ्या मते फेरेटिंगला 18 ते 21 इंच ही उंची सगळ्यात सोयीची, एवढा कुत्रा झटकन वळतो, तारेखालून जातो, गाडीत फेरेटच्या पेटीशेजारी मावतो आणि खायलाही कमी लागतं. या मापात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते बेडलिंग्टन-व्हिपेट क्रॉसचं. बेडलिंग्टन हे नॉर्थम्बरलँडमधलं कोळसा खाणींचं गाव, तिथल्या टेरियरच्या अंगावर मेंढीसारखे लोकरी केस, नाक चांगलं आणि जिद्द भरपूर, व्हिपेटकडून येतो वेग आणि घरातला शांत स्वभाव. नुसत्या व्हिपेटची कातडी कागदासारखी पातळ, ब्लॅकथॉर्नच्या काट्यात आणि काटेरी तारेत ती फाटते, बेडलिंग्टनचे केस तिथे कामाला येतात. पण टेरियरची खोडही सोबत येते, बिळ उकरत बसणं, हट्ट करणं आणि उत्साहात आवाज काढणं, आणि पाठलागात ओरडणारा कुत्रा फेरेटिंगवाल्याला अजिबात चालत नाही. ही खोड एकदा लागली की सुटणं फार अवघड.

दुसरी वाट कॉलीची. कॉली-ग्रेहाउंड हा जुना आणि भरवशाचा क्रॉस, एकदा दाखवलं की शिकतो, मालकाच्या चेहऱ्याकडे बघून काम करतो, फक्त बऱ्याचदा 24 इंचाच्या वर जातो. म्हणून ग्रेहाउंडच्या जागी व्हिपेट घातलेला कॉली-व्हिपेट मला जास्त पटतो, विशेषतः पहिला कुत्रा घेणाऱ्यासाठी, कारण नवख्याच्या चुका तो पोटात घालतो, फक्त हळव्या स्वभावाचा असल्यामुळे त्याच्यावर आवाज चढवून चालत नाही. स्पॅनियल क्रॉसचं नाक सुंदर, पण तो स्वतःच्या मनाने झुडपं उपसत लांब जातो, त्याला थोपवणारा माणूस अनुभवी हवा.

तरीही कितव्या हिश्शात कुठलं रक्त आहे यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आईबाप प्रत्यक्ष हे काम करतात का. आई बिळावर मार्क करताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळाली तर उत्तम. इंग्लंडमध्ये 2020 पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू व्यापाऱ्यामार्फत विकायला बंदी आहे, ज्याने पैदास केली त्याच्याकडूनच किंवा रेस्क्यू सेंटरमधून घ्यायचं, त्यामुळे आई बघायला मागण्यात संकोच नको. तब्येतीचंही विचारायचंच. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार असतो, पहिल्या क्रॉसमध्ये तो सहसा दिसत नाही पण पुढे दोन्हीकडून तोच जीन आला तर दिसू शकतो. कॉलीच्या रक्ताबरोबर एक जीन येऊ शकतो ज्याने आयव्हरमेक्टिनसारखी जंतांवरची औषधं जास्त मात्रेत विषारी ठरतात, त्याची टेस्ट होते. मर्ल म्हणजे चितकबऱ्या रंगाचे दोन कुत्रे एकमेकांना लावू नयेत, पिल्लं बहिरी-आंधळी निघू शकतात, चितकबऱ्या निळ्या रंगाच्या मोहापायी लोक हे करतात आणि त्याचा मला खरंच राग येतो.

आणि एक गोष्ट जी लोक विसरतात, डिस्टेंपर हा जीवघेणा संसर्गजन्य रोग. कुत्र्याला त्यातून वाचायची थोडी तरी आशा असते, फेरेटला जवळपास नसतेच, म्हणून कुत्र्याची लस चुकली तर सगळे फेरेट एका झटक्यात जाऊ शकतात.

पिल्लू घरी आल्यावर लहानपणीच त्याला फेरेटची ओळख करून द्यायची, हातात धरून, लक्ष ठेवून, म्हणजे बिळातून वर आलेलं पांढरं डोकं हा ससा नाही हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मेंढ्यांच्या बाबतीतही तसंच, मेंढीमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो. साधारण वर्षभराचा होईपर्यंत जोरात पळवायचा नाही, हाडं कच्ची असतात. इंग्लंड-वेल्समध्ये 2004 च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्याने हेअर धरायला बंदी घातली, जमीनमालकाच्या परवानगीने रॅबिट धरायला मुभा ठेवली, म्हणजे शेतात हेअर उठला तर हाकेसरशी मागे फिरणारा कुत्रा हवा, नाहीतर मालक अडचणीत.

ज्यांना पिल्लापासून वाढवायला वेळ नाही ते दोन-तीन वर्षांचा तयार कुत्रा घेतात. रेस्क्यू सेंटरमध्ये लर्चर कायमच भरपूर असतात, त्यात काम केलेलेही असतात. असा कुत्रा घेताना त्याला मैदानात पळवून बघण्यात अर्थ नाही, आधी माहीत असलेल्या एका भरलेल्या आणि एका रिकाम्या बिळापाशी त्याला दोरीशिवाय न्यायचं आणि काही न बोलता मागे उभं राहायचं. रिकाम्या बिळावरून तो पुढे निघून गेला आणि भरलेल्या बिळावर थांबून त्याने वळून तुमच्याकडे बघितलं, तर बाकीचं सगळं नंतर शिकवता येतं.