युरियाआधी मुळावरची गाठ फोडून बघा

हरभरा उगवून तीन-चार आठवडे झाले की खान्देशातल्या काळ्या रानांत एक गोष्ट हमखास घडते. पीक थोडं पिवळसर दिसायला लागतं आणि युरियाची गोणी बांधावर येते. आठवड्याभरात रान हिरवंगार होतं, त्यामुळे उपाय बरोबर होता असं सगळ्यांनाच वाटतं. त्याच गावात दुसरा समजही तेवढाच पक्का असतो: हरभरा हवेतून फुकट नत्र घेतो, त्याचा बेवड (पुढच्या पिकासाठी रानात मागे राहणारा कस) चांगला, त्याला काही द्यायची गरजच नाही. दोन्ही समज अर्धवट आहेत, आणि ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वापसा असताना खुरप्याने एक झाड मुळासकट उकरा. उपटू नका, उपटलं की मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. याच गाठींत हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू असतात. मुळं पाण्यात हलकेच खळबळून धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आतून लालसर-गुलाबी निघाली तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा करडी असेल तर ती अजून कामाला लागलेली नाही. हिरवी-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं आहे.

गाठी बघून काही जण घाबरतात, कारण सूत्रकृमींमुळेही, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींमुळेही, मुळावर गाठी येतात. फरक सोपा आहे. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ते सुटत नाही.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे त्या लाल रंगाकडे वळतो.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजेच नत्र, आहे. पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की कोणत्याही पिकाला तो थेट वापरता येत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया तयार करताना कारखान्यात हा बंध साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली तोडतात. हरभऱ्याच्या गाठीतले जिवाणू तेच काम कार्तिकातल्या थंड मातीत, साध्या दाबाला करतात. त्यासाठी त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ज्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम आहे. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला हे विकर आठ इलेक्ट्रॉन, आठ प्रोटॉन आणि एटीपीचे किमान सोळा रेणू खर्च करतं. त्यातून अमोनियाचे दोन रेणू मिळतात आणि हायड्रोजनचा एक रेणू वाया जातो. एटीपी म्हणजे पेशीतली वापरायला तयार ऊर्जा. ही ऊर्जा येते झाडाने पानांत बनवलेल्या साखरेतून. म्हणजे नत्र फुकट अजिबात नाही. झाड त्याचा मोबदला साखरेत चुकवतं. एटीपीमधला ‘पी’ म्हणजे स्फुरद, आणि कडधान्याला स्फुरदाची एवढी भूक का असते त्याचं एक मोठं कारण हे आहे.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सहन होत नाही. ऑक्सिजन लागला की हे विकर कायमचं निकामी होतं. पण साखर जाळून एटीपी बनवायचं तर जिवाणूंना ऑक्सिजन हवाच, आणि भरपूर हवा. एकाच पेशीत ऑक्सिजन हवाही आणि नकोही. हा पेच झाडाने सोडवला आहे. गाठीची बाहेरची साल ऑक्सिजनला सहज आत शिरू देत नाही, आणि आत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. नावावरून लक्षात येईल, हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंच्या श्वसनसाखळीपर्यंत पोचवतं. तिच्या शेवटाला असलेलं सीबीबी-३ जातीचं ऑक्सिडेज हे विकर अगदी विरळ ऑक्सिजनही पकडू शकतं. त्यामुळे प्रवाह चालू राहतो, पण मोकळा ऑक्सिजन साठून राहत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या फडांवर (बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या रानांवर) पाटकरी जसा प्रत्येक वाफ्याला पाळीचं पाणी देतो आणि कुठेच तुंबू देत नाही, तसं हे प्रथिन ऑक्सिजनचं वाटप करतं. गाठीचा लाल रंग याच प्रथिनाचा. जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये हा रंग हिमोग्लोबिनसारख्या द्रव्याचा असल्याचं दाखवलं. रक्ताचा लाल रंग एका झाडाच्या मुळात सापडतो आणि तिथेही ऑक्सिजनचंच काम करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आता युरियाकडे परत येऊ. युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचं नायट्रेट होतं. मुळांना तयार नत्र मिळालं की झाड गाठींना साखर देणं कमी करतं. नव्या गाठी धरत नाहीत आणि जुन्यांचं काम मंदावतं. पीक हिरवं दिसतं, पण आतली व्यवस्था बंद पडलेली असते. जादा नत्राने झाड पाल्यावर जातं, घाटे कमी लागतात. म्हणून शिफारस पेरणीच्या वेळची आहे आणि नत्राची मात्रा मुद्दाम थोडी ठेवलेली आहे: हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. एकरी डीएपीची ५० किलोची एक गोणी टाकली की त्यातून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो. बियाण्यातली शिदोरी संपते आणि गाठी कामाला लागतात, त्यामधल्या दिवसांपुरतं हे नत्र आहे.

मग पीक पिवळं का पडतं? कारणं अनेक आहेत. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाच्या कमतरतेने आलेला केवडा. चुनखडीच्या रानात तो नेहमी दिसतो आणि युरियाने जात नाही. पाणी जास्त झालं तर मातीतली हवा संपते, गाठींना लागणारा थोडासा ऑक्सिजनही मिळत नाही आणि पीक पिवळं पडून उभळतं. काळ्या जमिनीला मोठ्या भेगा पडेपर्यंत थांबून मग पाणी सोडलं तर ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त मुरतं. भेगा पडण्याआधी हलकं पाणी द्यावं, तुषार संच असेल तर उत्तमच.

झाडं जागोजागी माना टाकून वाळायला लागली तर मर रोगाची शंका घ्या. खोड उभं चिरलं आणि आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर ती फ्युजेरियम बुरशी. ती हरभरा नसतानाही मातीत पाच-सहा वर्षं टिकते, म्हणून फेरपालट, विजय, दिग्विजय, जॅकी ९२१८ यांसारखे प्रतिकारक्षम वाण आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी हेच मुख्य उपाय आहेत. नजर लागली म्हणून बांधावर लिंबू-मिरची टांगणं किंवा पाळीच्या दिवसांत बाईला रानात येऊ न देणं याचा बुरशीवर काडीचाही परिणाम होत नाही. बाईचा मात्र अपमान होतो. ‘एका फवारणीत गाठी दुप्पट’ अशी जाहिरात करणाऱ्या टॉनिकच्या बाटल्याही याच पंगतीतल्या. आधी जिवाणू मुळात शिरतात, मग गाठ वाढते. पानावर काही शिंपडून हा क्रम ओलांडता येत नाही.

हा शिरकाव भलताच निवडक असतो. हरभऱ्याची मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची विशिष्ट रसायनं मातीत सोडतात. ती ओळखणारे जिवाणू उलट रासायनिक संकेत पाठवतात. संकेत जुळला तर केशमूळ वळतं आणि जिवाणूंना आत घेतं. हरभऱ्याचा जोडीदार मेझोरायझोबियम. वाटाणा आणि मसूर यांचा जोडीदार वेगळा, रायझोबियम लेग्युमिनोसॅरम, आणि तो या दोघांनाही चालतो. सोयाबीनचा ब्रॅडिरायझोबियम तर आणखी तिसराच. म्हणून खरिपातलं सोयाबीनच्या जिवाणू खताचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चोळून काही होत नाही. ‘हरभऱ्यासाठी’ असं लिहिलेलंच पाकीट घ्या. वाटाण्यालाही हेच लागू. खान्देशात वाटाण्याला मानवणारी थंडी थोडेच आठवडे टिकते आणि पुढे भुरी येते, पण त्या थोड्या दिवसांतही त्याच्या गाठी त्याच्याच जिवाणूंनी भरतात. मुळात कडधान्यांचं हे रहस्य उलगडलं ते वाटाण्यावरच. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून दाखवलं की नत्र न दिलेला ओट उपाशी राहतो, पण वाटाणा मातीतल्या जिवाणूंच्या सोबतीने भरघोस वाढतो.

पाकिटातले जिवाणू जिवंत असतात हे विसरू नका. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हापासून पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेल्या पाकिटात फार काही उरत नाही. अंतिम तारीख बघा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून चोळा आणि बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

घाटेअळीबद्दल थोडक्यात सांगतो. कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी आणि ही घाटेअळी एकच, हेलिकोव्हर्पा. कापूस, तूर आणि हरभरा शेजारी-शेजारी असलेल्या आपल्या भागात तिला वर्षभर खायला मिळतं. कामगंध सापळे आणि पक्षिथांबे लवकर लावा. अळी लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही (याच अळीला मारणारा विषाणू) फवारा.

शेवटी बेवडाचा हिशेब. हेक्टरी २० क्विंटल हरभरा निघाला, दाण्यात २० टक्के प्रथिनं धरली, तर ती ४०० किलो झाली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणजे ६४ किलो नत्र दाण्यांबरोबर खळ्यावर गेलं. गाठींनी हवेतून आणलेल्या नत्राचा मोठा वाटा असा रानाबाहेर जातो. पुढच्या पिकासाठी मागे राहतात ती मुळं आणि गळलेला पाला. घाटे भरू लागले की साखर तिकडे वळते आणि गाठी हिरव्या पडतात. तेव्हा घाबरू नका, ते त्यांचं म्हातारपण आहे. फुलोऱ्यात आणि घाटे भरताना दोन टक्के युरिया पानांवर फवारण्याची शिफारस आहे ती त्यामुळेच. काढणीला मात्र झाड उपटण्याऐवजी विळ्याने जमिनीलगत कापा, मुळांतलं नत्र रानातच राहील. यंत्राने काढायचं असेल तर फुले विक्रमसारखा उंच वाण पेरा, त्याचे घाटे जमिनीपासून वर लागतात.