ड्रॅक्युलाची केप काळी की मरून?

जुन्या सिनेमाच्या डिस्कच्या डब्यावर 'डिजिटली रिस्टोअर्ड' असं छापलं की आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो. दिग्दर्शकाने जे रंग बघितले तेच आता आपल्या टीव्हीवर येणार, जणू मूळ रंग फिल्मच्या रिळात कुठेतरी जसेच्या तसे पडून होते आणि कोणीतरी फक्त वरची धूळ पुसली. हा समज इतका पक्का आहे की एकाच सिनेमाच्या दोन 'रिस्टोअर्ड' डिस्क शेजारी लावल्या आणि एकीत भिंत निळसर, दुसरीत तीच भिंत उबदार पिवळट दिसली की लोक थेट विचारतात, यातली खोटी कुठली? आता प्रश्नच चुकलाय म्हटलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उदाहरणाला माझा आवडता सिनेमा घेतो, हॅमर फिल्म्सचा १९५८ चा 'ड्रॅक्युला'. टेरेन्स फिशर दिग्दर्शक, जॅक अ‍ॅशर कॅमेऱ्यामागे, ब्रे स्टुडिओतले सेट, ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला आणि पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंग. अमेरिकेत हाच सिनेमा 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला' या नावाने लागला. लांबी जेमतेम ८२ मिनिटं. त्याआधीचे गाजलेले ड्रॅक्युला ब्लॅक अँड व्हाइट होते, इथे मात्र लायब्ररीच्या प्रसंगात दार उघडतं आणि ली समोर उभा, तोंडाला लालभडक रक्त आणि डोळ्यांत लाल कॉन्टॅक्ट लेन्स. म्हणजे भीतीचा अर्धा कारभारच रंगावर आहे, त्यामुळे या सिनेमाच्या डिस्कांवरून भांडण होणार ते रंगावरूनच, दुसरं कशावरून होणार.

आधी डिस्कांची वंशावळ. जुन्या व्हीएचएस टेप सोडून देतो, त्यात रंगाची माहिती ब्राइटनेसच्या मानाने फार कमी बँडविड्थमध्ये कोंबलेली असायची, त्यामुळे लीच्या ओठांवरचं रक्त हनुवटीच्या बाहेर ओघळल्यासारखं दिसायचं आणि ते दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय असं वाटायचं. मग २००२ ला अमेरिकेत वॉर्नरची डीव्हीडी आली, तिच्यात १.६६ ची चौकट (म्हणजे रुंदी उंचीच्या १.६६ पट) १.७८ करून १६:९ टीव्ही भरला होता म्हणजे वरखाली थोडी कात्री. २००७ ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने, म्हणजे बीएफआयने, सिनेमा नव्याने रिस्टोअर करून थिएटरात लावला. २०१३ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये लायन्सगेटची ब्लू-रे आली. तिच्यात हॅमरने बीएफआयचं रिस्टोरेशन घेऊन त्यात जपानमध्ये सापडलेले तुकडे जोडले होते. आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये वॉर्नर आर्काइव्हची ब्लू-रे, तीही २००७ च्या बीएफआय रिस्टोरेशनवरूनच, पण जपानी तुकड्यांशिवाय.

गंमत इथे आहे. दोन्ही ब्लू-रेचा पाया एकच. पण २०१३ ची डिस्क थंड, निळसर आणि जरा काळोखी दिसते (चाहत्यांनी त्यावरून भरपूर आरडाओरडा केला), आणि २०१८ ची उबदार, लाल-पिवळे रंग मोकळे सोडलेली. उगम एक आणि रंग दोन, म्हणजे हा फरक फिल्म खराब झाल्यामुळे आलेला नाही, कोणीतरी कन्सोलवर बसून घेतलेल्या निर्णयातून आलाय. त्या निर्णयाला ग्रेडिंग म्हणतात. पण मूळ रंग माहीत असताना निर्णय घ्यायची वेळच का येते? तर रंग फिल्ममध्ये साठवलेला नसतोच, साठवलेला असतो डाय (रंग देणारं रसायन), आणि डाय म्हणजे शेवटी एक सेंद्रिय रेणू, जो कालांतराने मोडतो.

हा भाग मला फार आवडतो त्यामुळे लांबला तर सांभाळून घ्या.

सिनेमा शूट झाला ईस्टमनकलर निगेटिव्हवर. ईस्टमनकलर बाजारात आलं १९५० ला. त्याआधीच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह पळायच्या, कॅमेरा केवढा तरी मोठा आणि लाइट केवढे तरी लागायचे. ईस्टमनने तिन्ही थर एकाच फिल्मवर आणले. सगळ्यात वरचा थर निळ्या प्रकाशाला संवेदनशील, मधला हिरव्याला, खालचा लालला. प्रत्येक थरात सिल्व्हर हॅलाइडचे (प्रकाश टिपणाऱ्या चांदीच्या क्षाराचे) कण आणि त्यांच्या शेजारी 'कपलर' नावाचे रंगहीन किंवा फिक्या रंगाचे रेणू. डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवलं की प्रकाश पडलेल्या कणांचं चांदीत रूपांतर होतं, त्या झटापटीत डेव्हलपर स्वतः ऑक्सिडाइझ होतो, आणि हा ऑक्सिडाइझ झालेला डेव्हलपर शेजारच्या कपलरला जाऊन चिकटतो. दोघं मिळून जो नवा रेणू बनतो तो डाय. निळ्याच्या थरात पिवळा डाय, हिरव्याच्या थरात मजेंटा (गडद गुलाबी), लालच्या थरात सायन (निळा-हिरवा). नंतर चांदी ब्लीच करून धुऊन टाकायची, मागे उरतो फक्त डाय. म्हणजे थिएटरात दिसणाऱ्या चित्रात चांदीचा कणही नसतो, सगळा खेळ तीन डायच्या पातळ थरांचा.

चांदी टिकाऊ असते. हे डाय तसे नसतात. ते थेट उजेडात फिके पडतातच पण अंधारात, बंद डब्यातसुद्धा पडतात, आणि उष्णता नि दमटपणा असेल तर झपाट्याने. त्यातही तिन्ही डाय एकाच वेगाने गेले असते तर चित्र नुसतं फिकं झालं असतं, पण तसं होत नाही, जुन्या ईस्टमन प्रिंटमध्ये सायन सगळ्यात आधी जातो, मागोमाग पिवळा, आणि मजेंटा चिवटपणे टिकून राहतो. म्हणून जुन्या रंगीत प्रिंट गुलाबी-लाल दिसतात. घरात सत्तरच्या दशकातला रंगीत फोटोंचा अल्बम असेल तर काढून बघा, सगळे काका-मामा लालसर झालेले दिसतील, बहुतेक वेळा कारण हेच.

आता आकडे घेऊ. डायचा दाटपणा 'डेन्सिटी' या मापात मोजतात आणि हे माप लॉगरिदमिक आहे. डेन्सिटी २ म्हणजे शंभरातला १ टक्का प्रकाश पलीकडे जातो, डेन्सिटी १ म्हणजे १० टक्के. समजा प्रिंटमध्ये लीची केप अगदी काळी आहे, म्हणजे तिथे तिन्ही डाय डेन्सिटी २. सायन डाय लाल प्रकाश अडवतो. हिशेबापुरतं धरू की सायन ३० टक्के उडाला, म्हणजे २ चा १.४ झाला. आधी १ टक्का लाल प्रकाश जात होता, आता ४ टक्के जातो. हिरवा आणि निळा मात्र १ टक्क्यावरच. चौपट लाल! केप मरून झाली. आता त्याच फ्रेममध्ये लीचा पांढरा शर्ट बघा, तिथे सायनची डेन्सिटी मुळातच ०.१, ती ३० टक्के उडाली की ०.०७. लाल प्रकाश ७९ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर. डोळ्याला फारसं कळणारही नाही. म्हणजे एकाच फ्रेममध्ये काळ्याची वाट लागली आणि पांढरं ठणठणीत.

मग कलरिस्टने, म्हणजे ग्रेडिंग करणाऱ्याने, काय करायचं? सोपा उपाय करायला गेला, म्हणजे केप काळी होईपर्यंत सरसकट लाल कमी केला, चौथ्या हिश्श्यावर आणला, तर शर्टातला लाल ८५ वरून २१ टक्क्यांवर येतो आणि शर्ट चक्क निळा-हिरवा दिसायला लागतो. सरसकट वजाबाकी इथे चालत नाही, सायन थराच्या डेन्सिटीला गुणावं लागतं, १.४ भागिले ०.७ असं करून २ वर परत न्यावं लागतं आणि तेही फक्त त्या थरात. निगेटिव्हवरून काम करताना हे सगळं उलटं, कारण तिथे दाट भाग म्हणजे चित्रातला उजळ भाग, त्यामुळे डाय उडाला की घोटाळा उजेडाच्या भागात जास्त दिसतो. वर हे डाय शुद्ध नसतात, मजेंटा डाय हिरव्याबरोबर थोडा निळाही खातो, सायन थोडा हिरवा-निळा खातो, ती चूक भरून काढायला ईस्टमनने निगेटिव्हमधले काही कपलर मुद्दाम रंगीत ठेवले, आणि रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते ती त्या रंगीत कपलरांमुळेच. या सगळ्याचा हिशेब तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सने करतात. मॅट्रिक्स म्हटल्यावर पळालेल्यांनी इथून परत यावं.

कारण डाय अजिबात उडालेला नसला तरी प्रश्न सुटत नाही. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लॅबमध्ये टायमर नावाचा माणूस प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरवा, निळा प्रकाश किती द्यायचा याचे आकडे ठरवायचा. रात्र किती निळी आणि मेणबत्तीचा उजेड किती पिवळा, हे त्या आकड्यांत असायचं, निगेटिव्हमध्ये नसायचं. तेव्हा निगेटिव्ह कितीही सुंदर स्कॅन करा, पडद्यावर काय दिसलं होतं हे ती सांगणार नाही.

ते सांगू शकते ती त्या काळातली चांगली प्रिंट, आणि त्यातही टेक्निकलरची डाय-ट्रान्सफर प्रिंट. या पद्धतीत फिल्ममध्ये कपलर नसतातच, निगेटिव्हवरून तीन उठावाचे साचे बनवून त्यांना तयार डाय लावतात आणि एकामागून एक तीन वेळा प्रिंटवर दाबतात, ठशाने साडी छापतात तसं. डाय फिल्मच्या पोटात बनवायचा नसल्यामुळे टिकाऊ डाय निवडायची मोकळीक मिळते. म्हणून पन्नास-साठच्या दशकातल्या या प्रिंट आजही रंग टिकवून आहेत. पण तीही एक प्रिंटच, थिएटरच्या प्रोजेक्टरमधल्या कार्बन आर्कच्या दिव्यावर दाखवण्यासाठी काढलेली. आपला टीव्ही पांढरं ठरवतो ६५०० केल्विनवर (हे पांढऱ्याची झाक मोजायचं माप, आकडा मोठा तितकं निळसर), आर्कचा पांढरा त्याहून जरा पिवळट. मग टीव्हीवर नक्की कुठलं पांढरं 'खरं' धरायचं, हाही निर्णयच.

आणि आपला डोळा तर साक्षीदार म्हणून फारच कच्चा. दहा मिनिटं निळसर चित्र बघितलं की मेंदू त्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून दोन डिस्कांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की फरक भयंकर वाटतो आणि सलग सिनेमा बघितला की तेवढा टोचत नाही. तरीही माझं मत विचाराल तर २०१८ ची डिस्क बरी. अ‍ॅशर रंगीत लाइट लावण्यासाठी प्रसिद्ध होता, एखाद्या कोपऱ्यात उगाच हिरवा किंवा जांभळा उजेड ठेवायचा, आणि सगळ्या फ्रेमवर एकच निळी झाक पसरली की ते कोपरे बुजून जातात. रंगांतला आपसातला फरक मारते ती ग्रेडिंग मला चुकीची वाटते.

पण २०१३ ची डिस्क टाकाऊ म्हणू नका. ब्रिटनच्या सेन्सॉरने कात्री लावलेले प्रसंग जपानला गेलेल्या प्रिंटमध्ये जास्त पूर्ण होते. टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरला १९८४ मध्ये आग लागली, त्यात या प्रिंटची सुरुवातीची पाच रिळं गेली, सहा ते नऊ वाचली, खराब अवस्थेत. त्यातून मीनाला जाळ्यात ओढण्याचा प्रसंग थोडा वाढला आणि शेवटी ड्रॅक्युला उन्हात स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो तो शॉट परत मिळाला. ही चार रिळं डिस्कवर कच्ची, न सुधारलेलीसुद्धा दिली आहेत, आणि मला तर तीच जास्त आवडतात, कारण तिथे आजच्या कुठल्या कलरिस्टचा निर्णय मध्ये आलेला नाही. आग म्हटली की यूट्यूबवर लगेच 'शापित सिनेमा' वगैरे सुरू होतं. फिल्म जळाऊ असते, जुनी नायट्रेट फिल्म तर भयंकर जळाऊ, २००३ च्या जानेवारीत पुण्यात आपल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या तेव्हा तिथे कुठला व्हॅम्पायर आला नव्हता. साठवणुकीच्या अडचणीला शाप म्हटलं की एसीचं बजेट मागायची गरज उरत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी भोंदूगिरी दुकानातली. सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबल लावली की 'रंग खुलतात' म्हणे. सिग्नल डिजिटल आहे, पोचला तर पूर्ण पोचतो, नाही पोचला तर चित्र तुटतं किंवा ठिपके येतात, लाल अधिक लाल होत नाही. त्यापेक्षा टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवरून काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर टाका, फुकट आहे आणि कधीकधी दोन डिस्कांमधल्या फरकापेक्षा मोठा फरक पडतो. तसंच कॉम्प्युटरने 'एआय एन्हान्स' केलेल्या कॉपीज फिरतात त्यांचं, त्यात चेहऱ्यावरचे बारकावे अंदाजाने भरलेले असतात, फिल्ममधून आलेले नसतात.

आवाजाचं एक राहिलं. जुन्या पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) टेप आणि डीव्हीडींवर २४ फ्रेमचा सिनेमा सेकंदाला २५ फ्रेमने पळवायचे, त्यामुळे ८२ मिनिटांचा सिनेमा पावणेएकोणऐंशी मिनिटांत संपायचा आणि जेम्स बर्नार्डचं ते 'ड्रॅ-क्यु-ला' असं तीन स्वरांत गर्जणारं संगीत हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण पाऊण हिस्सा वर चढायचं. पहिल्यांदा पालवर ऐकलेल्या माणसाला ब्लू-रेवरचा बर्नार्ड सुस्त वाटतो. ब्लू-रेवर सिनेमा सहसा २४ फ्रेमवरच चालतो, त्यामुळे या दोन्ही डिस्कांवर ही भानगड नाही.

मागवणार असाल तर आधी प्लेअर तपासा. ब्लू-रेत जगाचे विभाग (रीजन) पाडलेले असतात, भारत रीजन सी मध्ये येतो आणि लायन्सगेटची ब्रिटिश डिस्क रीजन बी ची आहे, साध्या प्लेअरवर ती फक्त एरर दाखवेल.