अंगावरची पांढरी रेघ म्हणजे मळ नव्हे

धुळ्या-जळगावकडे थंडी पडली की पायाच्या नडगीवर नखाने पांढरी रेघ उमटते. मग घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, “मळ साचलाय, कढत पाण्याने घासून आंघोळ कर.” खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

ती पांढरी भुकटी म्हणजे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या कोरड्या, सुटू लागलेल्या पेशी. या पेशींना धरून ठेवणारा स्निग्ध थर आतलं पाणी उडू देत नाही. कढत पाणी, साबण आणि वज्री नेमका तोच थर काढून टाकतात. म्हणून घासल्यावर तासभर अंग तुकतुकीत दिसतं आणि संध्याकाळी आणखी खाजतं. लहान लेकरांचं अंग असं घासलेलं मला पाहवत नाही.

पाणी कोमट घ्या, आंघोळ 5-10 मिनिटांत उरका. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा बिनवासाचं जाडसर क्रीम लावा. व्हॅसलीन ओलावा घालत नाही, आहे तो अडवतं. कोरड्या अंगावर चोपडलं तर उपयोग कमी. टाचांना रात्री युरियाचं क्रीम लावा, मात्र भेगेतून रक्त येत असेल तर ते झोंबतं. मधुमेह असलेल्यांनी अशी भेग त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.