साबणाआधीची तयारी: तेल, हळद आणि माती

घाण्यावरून आणलेलं शेंगतेल लगेच साबणाला घेऊ नका. तीन-चार दिवस न हलवता ठेवलं की गाळ तळाशी बसतो, मग वरचं तेल दुपदरी सुती कापडातून गाळावं. खवट वास येत असेल तर ते तेल वापरूच नका. त्यातली सुटी मेदाम्लं (तेलातून सुटलेली आम्लं) कॉस्टिक सोड्याला क्षणात भिडतात आणि मिश्रण साच्यात जाण्याआधीच आवळतं.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे बेळगावच्या थंडीत सकाळी डबा घट्टच. वरचं पातळ तेवढं ओतून घेऊ नये, कारण त्यातली मेदाम्लं थिजलेल्या भागापेक्षा वेगळ्या प्रमाणात असतात. अख्खा डबा गरम पाण्यात ठेवून वितळवा, ढवळा, मग तोला.

एक किलो तेलासाठी: शेंगतेल ५०० ग्रॅम, खोबरेल ३५०, करंज (कन्नडमध्ये होंगे) १००, एरंडेल ५०. करंजाचा वास उग्र, म्हणून त्याहून जास्त नको. याला शुद्ध कॉस्टिक सोडा १४४ ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी ३०० ग्रॅम. थोडं तेल सुटं राहावं म्हणून यात सोडा पाच टक्के कमीच धरला आहे. खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगतेलाला ०.१३६. एकाच्या जागी दुसरं घालायचं तर हिशेब नव्याने मांडा, नाहीतर साबण कातडी जाळेल. बोअरचं जड पाणी टाळा. त्यातल्या चुन्याने साबणाची साय होते.

हळद थेट टाकली की खरखर लागते. शेंगतेलातलंच १०० ग्रॅम तेल घेऊन त्यात १० ग्रॅम हळद घाला, भांडं ६० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवा, रात्रभर निवू द्या आणि गाळा. सोड्याशी गाठ पडताच रंग लालसर होतो. घाबरू नका: हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं, तीच ही क्रिया. साबण मुरताना तो पिवळट-केशरीकडे वळतो. उन्हात मात्र रंग उडतो.

कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच तेलात मुरवा. ओलावा राहिला तर तेल बुरसटतं. हिरवा रंग टिकेल ही आशा धरू नका, तो तपकिरी होतोच. खानापूरकडची तांबडी माती वस्त्रगाळ करून किलोला एक चमचा, आधी थोड्या तेलात कालवून. जास्त घातली तर तिच्यातलं लोह तेलाला लवकर खवट करतं आणि साबणावर नारिंगी ठिपके उमटतात.

गूळ घालायचा तर चमचाभर, आणि सोडा पडण्यापूर्वी पाण्यात पूर्ण विरघळवून. फेस वाढतो, पण मिश्रण तापतंही. अशा वेळी साचा गुंडाळून ठेवू नये.

सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीच नाही. चष्मा, हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, त्यातून हायड्रोजन निघतो; स्टील चालतं. तेलं आणि सोड्याचं पाणी, दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आली की एकत्र करा, आणि पळीवरून सांडलेली रेघ वर दिसेपर्यंत ढवळा. मग साच्यात ओता. घट्ट झाल्यावर वड्या पाडून चार ते सहा आठवडे हवेशीर जाळीवर ठेवाव्या. पावसाळ्यात खानापुरात त्यांना घाम फुटतो. तिथे पंखा लावा.