पांढऱ्या कपाचा करडा फोटो

विक्रीसाठी ठेवायचा पांढरा कप पांढऱ्याच कागदावर मांडून स्वयंचलित मोडवर फोटो काढला, तर तो बहुतेक वेळा मळकट करडा येतो. यात कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असते, असे धरूनच कॅमेऱ्यातला प्रकाशमापक एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवतो. त्यामुळे सगळेच पांढरे दिसले की तो त्याला जास्तीचा उजेड समजतो आणि प्रकाश कमी करतो. म्हणून अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम एक ते दीड स्टॉप वाढवतात, म्हणजे सेन्सरवर, प्रकाश टिपणाऱ्या पटलावर, दुप्पट ते जवळजवळ तिप्पट प्रकाश पडू देतात.

रंगाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या ज्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले, तीच आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. तिच्यात सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, तर लाल आणि निळ्या प्रत्येकी पाव. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. बारीक विणीच्या कापडावर हा हिशेब फसतो आणि कापडात मुळीच नसलेले रंगीत पट्टे फोटोत उमटतात. ते नंतर संगणकावर पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा थोडा पुढेमागे करून फोटो पुन्हा काढणे केव्हाही सोपे.

त्यात प्रकाशाचा स्वतःचा रंग मिसळतो. तारेच्या दिव्याचे रंगतापमान, म्हणजे प्रकाशाची छटा सांगणारे माप, सुमारे २८०० केल्विन असते, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५००; पहिला पिवळट, दुसरा पांढरा. आपली दृष्टी हा फरक नकळत भरून काढते, कॅमेऱ्याला मात्र अंदाज बांधावा लागतो. वस्तूशेजारी करडे कार्ड ठेवून एक फोटो घेतला, तर संपादनात त्या कार्डावर क्लिक करून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगांची दुरुस्ती, नेमका साधता येतो. पण एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने दिवा असेल, तर एकच दुरुस्ती दोन्हीकडे लागू पडत नाही. तिथे दिवा बंद करणे हाच उपाय.

चकचकीत वस्तूंची तऱ्हा वेगळी. स्टीलच्या चमच्याचा फोटो हा खरे तर चमच्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो असतो, म्हणून दिव्यांपेक्षा आजूबाजूच्या पांढऱ्या-काळ्या पुठ्ठ्यांची मांडणी जास्त महत्त्वाची ठरते. काच किंवा प्लास्टिकवरची झळाळी ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्टरने बरीच कमी होते, कारण तिरप्या कोनात परावर्तित होताना तिथला प्रकाश ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत उरतात, आणि फिल्टर ती अडवतो. धातूवर असे फारसे घडत नाही आणि तो फिल्टर तिथे निरुपयोगी ठरतो. काचेच्या बाटलीमागे उजळ पडदा ठेवून दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे केले, तर काचेच्या कडांशी वळणारा प्रकाश त्या पुठ्ठ्यांवरून येतो आणि बाटलीची बाह्यरेषा काळी, सुबक उमटते. इतकी स्वच्छ रेषा संगणकावर हाताने काढणे मला तरी कधी जमलेले नाही.

संपादनासाठी रॉ फाइलच, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, हाताशी असावी. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये २५६. म्हणून जेपेगमधल्या गडद छाया उजळवताना रंगांचे थर सुटे दिसू लागतात. धुळीचा कण पुसणे किंवा पार्श्वभूमी स्वच्छ करणे यात गैर काही नाही, परंतु कापडाचा रंग मुद्दाम गडद करणे ही माझ्या मते फसवणूकच आहे.

आणि तरीही काही रंग प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही साधत नाहीत. १९९६ मध्ये मांडला गेलेला एसआरजीबी हा रंगांचा पल्ला आजही संकेतस्थळांवर सर्वाधिक चालतो, पण कित्येक तेजस्वी मोरपंखी छटा त्यात बसतच नाहीत. अशी वस्तू पडद्याशेजारी पांढऱ्या उजेडात धरून ताडून पाहावी, आणि जुळत नसेल तर वर्णनात सरळ लिहावे, की प्रत्यक्ष रंग फोटोपेक्षा थोडा अधिक हिरवट आहे.