जोडणी-मर्यादा, डेटाबेसची

जोडणी-मर्यादा, डेटाबेसची : डेटाबेस सर्व्हरला एका वेळी जास्तीत जास्त किती क्लायंट प्रोग्रॅम जोडलेले राहू शकतात, हे ठरवणारी संख्या. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल या दोन्ही प्रणालींत ती ‘मॅक्स_कनेक्शन्स’ या चलाने ठरते. ही मर्यादा भरली की पुढची जोडणी नाकारली जाते. आधी जोडलेल्यांचे काम मात्र चालू राहते. त्यामुळे एकाच क्षणी काहींना संकेतस्थळ व्यवस्थित दिसते आणि काहींना केवळ त्रुटीचा संदेश मिळतो. मराठी लेखनात डेटाबेससाठी ‘विदागार’ व ‘माहितीसाठा’ हे शब्द आढळतात. प्रत्यक्ष कामात ‘कनेक्शन’, ‘क्वेरी’ (डेटाबेसकडे केलेली विचारणा) आणि ‘पूल’ हेच शब्द रूढ आहेत. यांतील ‘पूल’ म्हणजे सेतू नव्हे, तर आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा सामाईक साठा.

उगम व गणित : मर्यादित वाहिन्या आणि अनिश्चित वेळी येणारे मागणीदार यांचा हिशेब संगणकापेक्षा जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ व १९१७ मधील लेखांत तो प्रथम शास्त्रशुद्ध मांडला, असे सामान्यतः मानले जाते. डेटाबेसच्या संदर्भात त्याहून उपयोगी पडणारे सूत्र जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले : व्यवस्थेत एका वेळी असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. सेकंदाला ५०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येक विनंती जोडणी २० मिलिसेकंद अडवत असेल, तर सरासरी १० जोडण्या पुरतात. तीच क्वेरी काही कारणाने ४०० मिलिसेकंद घेऊ लागली, तर २०० जोडण्या लागतात. वाचकसंख्या एकानेही वाढलेली नसते. वाढलेला असतो तो मुक्काम. मर्यादा भरण्याच्या बहुतेक प्रसंगांचे मूळ या गुणाकाराच्या दुसऱ्या पदात सापडते, आणि तपास करणारे बहुधा पहिल्या पदाकडे पाहत राहतात.

मायएसक्यूएलमधील मूळ मूल्य (कोणी न बदलल्यास लागू राहणारे) १५१ असे विषम का, याविषयी वेगवेगळे तर्क केले जातात. पूर्वी ते १०० होते, ५.१ आवृत्तीच्या विकासकाळात, म्हणजे २००७ च्या सुमारास, ते बदलले. अपाचे वेब सर्व्हरबरोबर वापरताना कार्यक्षमता सुधारावी म्हणून हा बदल केल्याचे मायएसक्यूएलच्या हस्तपुस्तिकेत नमूद होते, आणि अपाचेच्या त्या काळातील नमुना संरचना-फायलीत प्रीफोर्क (प्रत्येक विनंतीला वेगळी प्रक्रिया, म्हणजे प्रोसेस, देण्याच्या) पद्धतीसाठी ‘मॅक्सक्लायंट्स’चे, म्हणजे एका वेळच्या विनंत्यांच्या कमाल संख्येचे, मूल्य १५० दिलेले असे. वेब सर्व्हरच्या प्रत्येक प्रक्रियेला एक आणि वर आणखी एक, अशी १५१ ची फोड त्यावरून केली जाते. या फोडीवर एक आक्षेप घेता येतो : अपाचेच्या प्रीफोर्कचे प्रोग्रॅममध्येच बांधलेले मूळ मूल्य १५० नव्हे, तर २५६ होते, आणि व्यवस्थापकासाठीची जादा जोडणी मायएसक्यूएल १५१ च्या आत न मोजता वेगळीच देते. तरीही बहुतेक स्थापना नमुना-फाईल तशीच ठेवत असल्याने १५० चा संबंध अधिक ग्राह्य वाटतो. पोस्टग्रेसक्यूएलचे मूल्य सहसा १०० असते. स्थापनेच्या वेळी कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागाची) परवानगी चाचपून ते आवश्यक तर कमी केले जाते. यांपैकी कोणतीही संख्या एखाद्या विशिष्ट यंत्राची क्षमता मोजून आलेली नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

रचना : मायएसक्यूएल प्रत्येक जोडणीला एक थ्रेड (एकाच प्रक्रियेतील कामाचा धागा) देते, तर पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करते. प्रक्रिया थ्रेडपेक्षा महाग, म्हणून पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नुसती पडून असलेली जोडणीही जड पडते, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांपैकी आंद्रेस फ्रॉइंड यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, मोठी स्मृतिपृष्ठे (ह्यूज पेजेस) वापरल्यास एका जोडणीचा प्रत्यक्ष स्मृतिभार २ मेगाबाइटपेक्षा कमी निघतो. खरा खर्च स्मृतीत नसून प्रत्येक क्वेरीसाठी ‘स्नॅपशॉट’ (त्या क्षणी कोणते बदल दिसावेत याची नोंद) घेताना सर्व जोडण्यांची यादी तपासण्यात होता. हे काम २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत बरेच हलके झाले. त्यामुळे निष्क्रिय जोडण्यांविषयीचा जुना इशारा आता काहीसा सौम्य करावा लागतो. सक्रिय जोडण्यांबाबत मात्र तो कायम आहे, कारण ‘वर्क_मेम’ हे मूल्य (मूळ ४ मेगाबाइट) दर जोडणीला नव्हे, तर क्वेरीतील प्रत्येक क्रमवारी वा हॅश क्रियेला लागू होते आणि एका क्वेरीत अशा अनेक क्रिया असू शकतात.

लक्षणे : मायएसक्यूएल १०४० या क्रमांकाची ‘टू मेनी कनेक्शन्स’ ही त्रुटी देते. तिची गल्लत १२०३ (एका वापरकर्त्याची मर्यादा भरली) व ११२९ (वारंवार फसलेल्या जोडणी-प्रयत्नांमुळे होस्ट, म्हणजे जोडणी मागणारे यंत्र, अडवला गेला) या त्रुटींशी होऊ नये. त्यांवरील उपाय वेगळे आहेत. पोस्टग्रेसक्यूएलमधील दोन संदेशांतील भेद अधिक बोलका आहे. ‘उरलेल्या जागा राखीव आहेत’ अशा आशयाचा संदेश आला, तर सामान्य जागा संपल्या असून व्यवस्थापकाच्या जागा, मूळ संरचनेत १०० पैकी ३, अजून शिल्लक आहेत. ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ असा संदेश आला, तर बहुधा त्याही गेलेल्या असतात. राखीव जागा जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ॲप्लिकेशनलाच सर्वाधिकार असलेल्या खात्याने जोडणे. मायएसक्यूएलमध्येही मर्यादेच्या वर एक जोडणी व्यवस्थापकीय अधिकार असलेल्या खात्यांसाठी मिळते. ॲप्लिकेशन तसल्याच खात्यावर चालत असेल, तर ती जागा तेच पटकावते आणि संकटाच्या वेळी व्यवस्थापक दाराबाहेर राहतो. चालू प्रक्रियेला डिबगर (प्रोग्रॅममधील दोष शोधण्याचे साधन) जोडून चलाचे मूल्य परस्पर बदलण्याची युक्ती काही अनुभवी मंडळींनी अशा वेळी वापरली आहे. ती चालते, पण तिची शिफारस करवत नाही. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून व्यवस्थापनासाठी स्वतंत्र पत्ता ठेवता येतो, तर मायएसक्यूएलपासूनच निघालेल्या मारियाडीबीत वेगळ्या पोर्टची सोय आहे. पोस्टग्रेसक्यूएलच्या १६ व्या आवृत्तीपासून सर्वाधिकार नसलेल्या निवडक भूमिकांसाठीही जागा राखता येतात.

निदान : सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास लक्षण जाते आणि पुरावाही जातो. म्हणून आधी जोडण्यांची यादी घेऊन ठेवणे इष्ट : मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’. या यादीची विभागणी स्थितीनुसार, खात्यानुसार आणि ज्या यंत्रावरून जोडणी आली त्यानुसार केली, की चित्र सहसा पुढील तिहींपैकी एका बाजूला झुकते.

बहुसंख्य जोडण्या निष्क्रिय असतील, तर जागा अडवल्या आहेत, वापरल्या जात नाहीत. मायएसक्यूएलमधील ‘वेट_टाइमआउट’चे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास आहे, ॲप्लिकेशन जोडणी न मिटवता निघून गेले, तर ती कामाचा पूर्ण दिवस जागा अडवून बसू शकते. मधल्या फायरवॉलने दुवा मुकाट्याने तोडला असेल, तर सर्व्हरला ते कळतही नाही, कारण लिनक्समध्ये टीसीपीची जिवंतपणाची पहिली चौकशी मूळ मूल्यानुसार ७,२०० सेकंदांनी होते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये निव्वळ निष्क्रिय जोडण्या मिटवणारी कालमर्यादा १४ व्या आवृत्तीत आली.

‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ ही स्थिती याहून घातक. यात व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या वा रद्द होणाऱ्या क्रियांचा गट) उघडलेला असतो, पण क्वेरी चालू नसते. व्यवहार सुरू करून ॲप्लिकेशन एखाद्या बाह्य सेवेच्या, उदाहरणार्थ पैसे भरण्याच्या व्यवस्थेच्या, उत्तराची वाट पाहत बसते आणि तोवर कुलपे (लॉक, म्हणजे इतरांना त्या माहितीपासून रोखणारे ताबे) हातात धरून ठेवते. त्या सेवेला दहा सेकंद उशीर झाला, की येथे दहा सेकंदांच्या जोडण्या साचतात. दोष बाहेरच्या सेवेचा आणि त्रुटी मात्र डेटाबेसच्या नावावर, असा प्रकार होतो. पोस्टग्रेसक्यूएल ९.६ (२०१६) पासून अशा व्यवहारांना कालमर्यादा घालता येते. तिचे मूळ मूल्य शून्य, म्हणजे बंद, असल्याने ती मुद्दाम चालू करावी लागते.

बहुसंख्य जोडण्या सक्रिय असून कुलपाची वाट पाहत असतील, तर रांगेचा शेंडा शोधावा लागतो. तक्त्याची रचना बदलणारी ‘आल्टर टेबल’ ही आज्ञा याचे नमुनेदार उदाहरण आहे. एखादा लांबलेला अहवाल तक्ता वाचत असतो. रचना बदलणारी आज्ञा त्याच्या मागे थांबते. आणि एरवी त्या वाचनाबरोबर सहज चालल्या असत्या अशा साध्या क्वेरी आता त्या आज्ञेच्या मागे खोळंबतात. मायएसक्यूएलच्या यादीत अशा वेळी ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ ही नोंद एकाखाली एक दिसते. गर्दीतील शे-दीडशे जोडण्या मारून उपयोग नसतो, नव्या लगेच येतात. थांबलेली आल्टर आज्ञा किंवा मूळ अहवाल यांपैकी एक रद्द केला की रांग काही क्षणांत सुटते. सक्रिय जोडण्या वाट न पाहता खरेच राबत असतील, तर प्रश्न मर्यादेचा नसून निर्देशांक (इंडेक्स) नसलेल्या क्वेरीचा वा अपुऱ्या यंत्राचा असतो, आणि तो या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

पूल व त्याचे आकारमान : प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उघडण्याऐवजी पूल ठेवणे ही सर्वमान्य पद्धत आहे, पण मर्यादा भरण्यास पुष्कळदा पूलच कारणीभूत असतो. चार ॲप्लिकेशन सर्व्हर, प्रत्येकावर आठ प्रक्रिया आणि दर प्रक्रियेत दहाचा पूल, म्हणजे ३२० जोडण्या. संरचना-फायलीत केवळ ‘१०’ लिहिलेले असते. गुणाकार कोणी लिहून ठेवत नाही. नवी आवृत्ती चढवताना जुन्या व नव्या प्रक्रिया काही वेळ एकत्र चालल्या, तर ही संख्या आणखी फुगते, आणि म्हणून काही ठिकाणी ही त्रुटी फक्त नव्या आवृत्तीच्या वेळी दिसते.

पूल किती मोठा असावा, याविषयी दोन मते आहेत. एका मताने तो शिखरावरील मागणीइतका असावा. दुसऱ्या मताने तो यंत्राच्या कामाच्या क्षमतेइतका, म्हणजे अगदी लहान असावा आणि उरलेल्यांनी पूलच्या दाराशी थांबावे. पोस्टग्रेसक्यूएलच्या विकीवरील सूत्र दुसऱ्या मताचे आहे : प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअर) संख्या गुणिले दोन, अधिक प्रभावी चकत्यांची (हार्ड डिस्क) संख्या. आठ गाभ्यांच्या यंत्राला त्यानुसार सतरा-अठरा सक्रिय जोडण्या पुरतात. जावातील हिकारीसीपी या पूलचे मूळ आकारमान १० आहे, तेही याच विचाराशी जुळते. फिरत्या चकत्यांच्या काळातील हे सूत्र आजच्या घनस्थिती साठवणीला जसेच्या तसे लागू पडत नाही, तरी आठ गाभ्यांवर तीनशे क्वेरी एकाच वेळी सोडण्यापेक्षा त्या रांगेत ठेवलेल्या बऱ्या, हा त्यामागील युक्तिवाद अधिक सबळ आहे.

अनेक प्रक्रियांचे पूल एकत्र आवरण्यासाठी मध्यस्थ पूलर वापरतात. पीजीबाउन्सर हा त्यांपैकी सर्वांत परिचित; तो स्काइप कंपनीत तयार झाला आणि २००७ च्या सुमारास खुला झाला. त्याच्या सत्र (सेशन), व्यवहार व विधान (स्टेटमेंट) अशा तीन पद्धती आहेत. व्यवहार पद्धतीत खरी जोडणी फक्त व्यवहार चालू असेपर्यंत मिळते, म्हणून हजारो क्लायंट काही डझन जोडण्यांवर भागवता येतात. मात्र सत्राला चिकटून राहणाऱ्या गोष्टी, जसे तात्पुरते तक्ते, ‘लिसन’ आज्ञा किंवा सत्रापुरती सल्लागार कुलपे, तिथे विश्वासार्ह राहत नाहीत. पूर्वरचित विधानांची (प्रिपेअर्ड स्टेटमेंट) अडचण १.२१ आवृत्तीत (२०२३) प्रोटोकॉलच्या पातळीवर दूर झाली. पूलरलाही स्वतःची मर्यादा असते (मूळ १००), आणि ती विसरल्यास त्रुटी केवळ जागा बदलते.

मर्यादा वाढवणे : मायएसक्यूएलमध्ये हे मूल्य सर्व्हर चालू असताना बदलता येते, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या अनुगामी प्रतीवर (मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर) हे मूल्य मुख्य सर्व्हरपेक्षा कमी असून चालत नाही, त्यामुळे वाढवताना आधी प्रतीवर आणि कमी करताना आधी मुख्य सर्व्हरवर बदल करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये ५०० लिहूनही प्रत्यक्षात २१४ च मिळाल्याचे पाहून अनेक जण चक्रावतात. ही संख्या उघड्या फायलींच्या मर्यादेतून येते : प्रक्रियेला १,०२४ फायलींचीच परवानगी असेल, तर त्यांतून १० स्वतःसाठी आणि किमान ४०० तक्त्यांसाठी प्रत्येकी दोन, म्हणजे ८००, वजा करून २१४ उरतात. अशा वेळी बदल डेटाबेसच्या नव्हे, तर लिनक्समध्ये सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमच्या फायलीत करावा लागतो.

इतर प्रणालींपैकी ओरॅकलमध्ये प्रक्रिया आणि सत्रे यांना स्वतंत्र मर्यादा असून त्यांच्या त्रुटी अनुक्रमे ओआरए-०००२० व ओआरए-०००१८ या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये कमाल मूल्य ३२,७६७ आहे. तिथे व्यवहारात सर्व्हरची मर्यादा क्वचितच भरते, आणि आढळणारी तक्रार बहुधा क्लायंटच्या बाजूच्या पूलची असते, ज्याचे मूळ कमाल आकारमान १०० आहे.