गुरुवार चॉकलेटी असतो

माझी भाची घोडबंदर रोडला राहते. दोन वर्षांपूर्वी तलावपाळीला भेळ खाताना म्हणाली, मावशी, क्लास गुरुवारी नको ना, चॉकलेटी वार आहे तो. मी म्हटलं वार कसा काय चॉकलेटी, तर तीच माझ्याकडे बघत बसली, "म्हणजे तुला नाही होत असं?" आणि मग गाडी सुटलीच, सोमवार पांढरा, पाच लाल, सात मळकट हिरवा, इंग्रजी एम विटकरी. मला वाटलं पोरगी फेकतेय. तरी घरी येऊन सगळं डायरीत लिहून ठेवलं.

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर, ऐन गर्दीत, तिला मध्येच विचारलं की सात कुठल्या रंगाचा? "मळकट हिरवा. का गं?" बाकीचंही विचारलं, घरी येऊन डायरी काढली, सगळं जुळलं.

याला सिनेस्थेशिया म्हणतात. एक संवेदना जागी झाली की दुसरी न बोलावता सोबत येते, कुणाला अक्षराला रंग, कुणाला आवाजाला, काहींना तर शब्दाला चक्क चव. आजार नाही, औषध लागत नाही, बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. आणि डायरीवाली आयडिया माझी नाहीच मुळी, १९८७ मध्ये सायमन बॅरन-कोहेन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी हेच केलं होतं, रंग विचारून ठेवायचे आणि बऱ्याच दिवसांनी न सांगता परत विचारायचे. थापा मारणारा तिथे हमखास घसरतो. २००६ साली ब्रिटनमध्ये ज्युलिया सिम्नर यांनी तपासलं तर शंभरात साधारण ४ जण निघाले, म्हणजे तोच हिशोब इथे लावला तर पन्नास पोरांच्या वर्गात दोघं तरी असणार, फक्त बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं होतं.

हे नुसतं आठवणीतलं नाही, खरंच जाणवतं, हे दाखवायला व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये भारी युक्ती केली. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर इंग्रजी दोन आणि पाच कसे दिसतात आठवा, एकमेकांचं आरशातलं रूप. तसे काळे पाच कागदभर पसरले आणि मध्ये काही दोनचे आकडे असे लपवले की त्यांचा त्रिकोण व्हावा. आपण शोधत बसतो, रंगवाल्यांना दोनचा रंग वेगळा जाणवतो, म्हणून त्रिकोण जास्त पटकन सापडत होता. त्यांचं म्हणणं असं की मेंदूच्या खालच्या भागात आकडे ओळखणारी जागा आणि रंगाची जागा चाळीतल्या खोल्यांसारख्या लागून आहेत, आणि या लोकांत मधली भिंत पातळ राहते, इकडे कुजबुजलं की तिकडे ऐकू जातं. दुसरा गट म्हणतो वायरिंग सगळ्यांचं सारखंच, यांचा ब्रेक तेवढा ढिला. भांडण अजून चालू आहे. पण रंग नेमका कुठला, हे निदान काहींच्या बाबतीत बाहेरून येतं, कारण २०१३ मध्ये अमेरिकेत असे ११ जण समोर आले ज्यांच्या अक्षरांचे रंग लहानपणीच्या फ्रिजवर चिकटवायच्या खेळण्यातल्या अक्षरांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते!

आणि आपणही काही अगदी कोरडे नाही हां. एक गोलमटोल आकार आणि एक काटेरी काढा, कुणालाही विचारा यात बूबा कोण आणि किकी कोण, बहुतेक सगळे गोलाला बूबा म्हणतात. मराठी तर यात पक्की मुरलेली आहे, गुबगुबीत म्हटलं की तोंडच गोल होतं, पिवळाधमक, काळाकुट्ट, निळाशार यातल्या धमक, कुट्ट, शारची अदलाबदल करून बघा, निळाकुट्ट म्हटलं की कसंतरीच होतं ना (अर्थात यात सवयीचा भाग आहेच, सगळं श्रेय मेंदूला देऊ नये). आवाज चवीतही घुसतो, चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना वेफर्स खायला देऊन कुरकुर हेडफोनमधून मोठी करून ऐकवली तर तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे लागले.

माझ्या आईला हे सगळं समजावून सांगितल्यावर तिने नातीला भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं केलं, सांग बरं आज कुठला रंग. भाचीने वाकून बघितलं आणि म्हणाली, आजी, हे मराठी आकडे आहेत, यांना रंग नाहीये. असं असतं म्हणे, काहींचा रंग आकड्याच्या अर्थाला नाही, दिसणाऱ्या आकाराला चिकटलेला असतो, आणि ही पोरगी इंग्लिश मीडियमची. आईला ते अजिबात पटलेलं नाही, दोन दिवस झाले, "आमचे आकडे बिनरंगाचे?" हे पालुपद चालू आहे.